हाताने घातलेले आकडे

विद्यापीठामागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत मावशीने एकतीस वर्षं प्रबंध टाइप केले. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. पूर्वी आलेखही स्वतः शाईने काढून चिकटवायची. एवढ्या वर्षांत आकृतीचा एक नंबर चुकला नव्हता, आणि हे ऐकवल्याशिवाय ती कुणाला चहा द्यायची नाही.

मग भूगर्भ विभागाच्या सरांनी फर्मान काढलं, यापुढे प्रबंध लेटेकमध्येच. "मावशी, हे सॉफ्टवेअर शिका. पहिला प्रबंध नीट उतरला तर विभागाचं काम तुमच्याकडेच. नाहीतर माझा नाइलाज आहे." पहिला प्रबंध भाचीचाच होता. तिला मावशीनेच लहानाची मोठी केली होती.

छप्पन्नाव्या वर्षी मावशी शिकायला बसली. काय तो ताप! एक कंस मिटायचा राहिला की अख्खं प्रकरण अडून बसायचं. चित्र इथे ठेवावं तर ते खुशाल पुढच्या पानावर. "तुझ्या आईवर गेलंय," मावशी भाचीला म्हणायची, "बोलावलं तिथे कधी सापडायची नाही." तरी दोन महिन्यांत तिने ते माणसाळवलं.

एकच ऐकलं नाही. भाची कानीकपाळी ओरडली, "मजकुरात आकृतीचा नंबर हाताने नको गं घालूस! आकृतीला खूण दे, नंबर ते आपोआप टाकतं."

"मोजणार मशीन, आणि मी काय माश्या मारू?"

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. एकसष्ट आकृत्यांचे नंबर मजकुरात तिने हातानेच घातले.

प्रबंध द्यायच्या दिवशी सकाळी सरांनी तिसरी आकृती काढून टाकायला लावली. चित्रांखालचे नंबर सॉफ्टवेअरने मुकाट बदलले, मजकुरातले होते तसेच राहिले. मावशीने घाईघाईत चित्रांखालचे तेवढे तपासले, ओळीने बरोबर दिसले, आणि छापायला पाठवलं. परीक्षकांनी प्रबंध परत धाडला. भाचीने तो एका दुपारीत दुरुस्त केला. विभागाचं काम गेलं ते गेलंच.

महिन्याने भाची नवी प्रत घेऊन आली. मावशीने सवयीने आधी आकडे पाहिले. सगळे बरोबर. मग आभाराचं पान उघडलं. 'अक्षरजुळणी : माझी मावशी' ही ओळ तिने स्वतः जुळवली होती. ती नव्हती.

"सर म्हणाले, परीक्षकांना उगाच आठवण..." भाची चाचरली.

मावशीच्या जिवाला लागलं. तिने प्रत मिटून परत दिली.

"बरं केलंस बाई. तेवढी एकच चूक राहिली होती."