ज्या नोट्स मी पाठवणार नाही

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातली थोरली म्हणाली, "आजी, तू शिकवायचीस तीच कादंबरी आम्हाला लागलीय. तुझ्या नोट्सचे फोटो टाक ना." मागून धाकटा ओरडला, "आजी, टाकू नकोस! हिला वाचायचा कंटाळा आलाय." आपण तिघंही हसलो. "सापडल्या तर बघते," असं मी म्हणाले. ते खोटं होतं. नोट्स कपाटाच्या वरच्या खणात वर्षाप्रमाणे लावून ठेवलेल्या आहेत, आणि मी त्या पाठवणार नाही. का, ते फोनवर बोलायला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. "आत्या तिच्या संसारात गुंतली आहे" असं तुम्हाला आजवर सांगत आले. तुम्ही आता मोठे झालात. खरं काय ते तुम्हाला कळायला हवं.

वाशीमच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा ही कादंबरी बरीच वर्षं अभ्यासक्रमात होती. एक देखणा, सुशिक्षित माणूस आणि त्याच्या प्रेमात पडलेली एक मुलगी. नायकाच्या स्वभावावर दहा गुणांचा प्रश्न हमखास यायचा. मुलं बहुतेक खेड्यांतून येत, इंग्रजीला घाबरत. त्यांना मूळ पुस्तक झेपणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. म्हणून मी उत्तर फळ्यावर लिहून द्यायचे: नायकाचं प्रेम उत्कट आहे, तो तिला जिवापाड जपतो, तिच्याखेरीज त्याला जगात कोणी नको आहे. मुलं ते पाठ करत आणि पास होत. माझा निकाल चांगला लागायचा आणि मला त्याचा अभिमान होता.

एका वर्षी तुमची आत्या माझ्याच वर्गात होती. त्याच वर्गात जऊळक्याहून रेल्वेनं येणारी एक मुलगी होती, भाजीच्या मळ्यातली. सहामाहीत तिनं माझं उत्तर लिहिलं नाही. मोडक्या इंग्रजीत तिनं लिहिलं, की हा माणूस प्रेम करत नाही, तो तिच्या जवळची माणसं एकेक करून दूर करतो आहे. क्रियापदं चुकलेली, स्पेलिंगं चुकलेली. मी दोन गुण दिले आणि तिला बोलावून घेतलं.

"हे कुठून आणलंस?"

"कुठून नाई मॅडम. पुस्तक वाचलं."

"सगळं?"

"गाडी लेट असते नं मॅडम. टेसनावर बसून वाचलं."

"मग फळ्यावरचं का नाही लिहिलं?"

ती खाली बघत म्हणाली, "ते मले पटलं नाई."

मी तिला फळ्यावरचं उत्तर पाच वेळा लिहून आणायला सांगितलं. तिनं मुकाट्यानं आणलं. आत्याला नऊ गुण होते. अक्षर सुरेख, एकही चूक नाही.

पुढे आत्या नोकरीला लागली आणि ऑफिसातल्याच एका मुलाशी तिचं जुळलं. मुलगा हुशार, बोलणं मऊ. मैत्रिणींबरोबर ऑटोतून घरी येणारी आत्या त्याच्या मोटरसायकलवरून येऊ लागली. "आई, त्यांना आवडत नाही मी ऑटोतून आलेलं," ती लाजत म्हणाली.

"किती जपतो गं तुला!" मी म्हणाले.

तुमचे आजोबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अवं, जपून राह्यला का राखण करून राह्यला? हरबऱ्याचं वावर हाय का ते?"

"तुम्हाला प्रेमातलं काय कळतं?"

"बरं बाई. तू शिकोते, तुलेच ठाऊक."

लग्न झालं, कारंज्याला बिऱ्हाड झालं. आधी मैत्रिणी गेल्या. त्या उथळ होत्या म्हणे. मग नोकरी गेली, कारण तिची दगदग त्याला बघवत नव्हती. मग तिचा फोन त्याच्या खिशात राहू लागला. महालक्ष्म्यांच्या जेवणाला दोघं आली, तेव्हा तिच्या पानावरची पुरणपोळी अर्धी असताना तो घड्याळ बघत उठला, आणि तीही उठली. प्रत्येक वेळी कारण गोडच असायचं. एकदा मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण ती म्हणते की आईनं शिस्तीच्या नावाखाली मला चिरडलं." मला ते फार लागलं. मी चार महिने तिला फोन केला नाही. त्याच काळात तो तिला सांगत होता, की आईला तुझी लाज वाटते. हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण त्या चार महिन्यांचा दोष मी त्याला देत नाही. ते मी आपल्या हातानं दिले.

आजोबा गेले तेव्हा आत्या तासभर आली. तो फाटकाशी मोटरसायकलवर बसून राहिला आणि त्यानं गाडी बंद केली नाही. आम्ही आतून तो आवाज ऐकत होतो. बोलता बोलता तिचं लक्ष सारखं फाटकाकडे जात होतं. मी तिचा हात धरून म्हणाले, "आजची रात्र तरी राहा गं."

"नको आई. माझ्याशिवाय त्यांना करमत नाही. फार जपतात मला."

तिचा चेहरा अगदी कोरा होता. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी ती बोलली. इतकी वर्षं वर्गात मी तोच सूर ऐकला होता, आणि ते शब्द फळ्यावर लिहिणारी मीच होते.

तेरवीला जऊळक्याची ती मुलगी आली. आता ती चाळिशीची बाई आहे, तिची वांगी-मिरचीच्या रोपांची रोपवाटिका आहे. गर्दी ओसरल्यावर माझ्याजवळ टेकली.

"त्या दिवशीबी मी आलते मॅडम. ताईचे मालक गाडी चालू ठेवून बसले होते. पेट्रोल लय स्वस्त झालं वाटते."

मी फाटकाकडे पाहिलं.

"राग नोका मानू. मी लिवलं होतं तवा, तर तुमी दोन मार्क देल्ले."

"आठवतं तुला?"

"नाई आठवनार? पाच डाव लिवून घेतलं तुमी!" ती हसली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिचे डोळे भरून आले.

त्यानंतर मी ती कादंबरी पुन्हा वाचली, कुठलंही गाइड न उघडता. जिथे जिथे नायिकेच्या आयुष्यातलं एखादं माणूस कमी होतं, तिथे समासात पेन्सिलीनं टिंब केलं. पुस्तक संपल्यावर पानं उलटून पाहिली. माझ्या जुन्या लाल रेघा, 'महत्त्वाचे' म्हणून मारलेल्या, जवळजवळ सगळ्या त्याच पानांवर होत्या. माणूस जातं तिथेच त्याचं सर्वांत गोड वाक्य येतं, आणि मी ते मुलांकडून पाठ करून घेतलं होतं.

मी कारंज्याला गेले. त्यानं चहा स्वतः केला आणि आमच्या दोघींच्या मधे बसला. आत्या म्हणाली, मी सुखात आहे. तुमच्या बाबांनी तिला फोनवर स्पष्ट विचारलं, तर तो नंबरच बंद झाला. लेक साठेक किलोमीटरवर असो की चार हजार, मला आता सारखंच आहे.

तेव्हा बाई, नोट्स मागू नकोस. पेन्सिल घे आणि स्वतः वाच. माझं सांगणं पटलं नाही, तर पटलं नाही असंच लिही, मग गुण कितीही मिळोत.

जऊळक्याची ती बाजाराच्या दिवशी रोपं घेऊन कारंज्याला जाते. तिनं आपणहून आत्याची गल्ली धरली आहे. आत्याच्या घरी नातेवाईक, मैत्रिणी कोणी येऊ शकत नाही, पण टोपली घेतलेल्या रोपवालीला तो माणसात धरत नाही, म्हणून अडवत नाही. आत्या एखादं टमाट्याचं रोप घेते, आणि घेताना हळूच विचारते, "आई कशी आहे?" मागच्या आठवड्यातही विचारलं. एवढं अजून शिल्लक आहे.