एक खिडकी काळीच

आम्ही कोल्हापूरकडून विरारला फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. पहिल्याच दिवशी वर्गात बोलून गेले, "मी जेवलो." आमच्याकडे मुलीही आलो, गेलो, जेवलो असंच बोलतात. झालं! दिवसभर पोरी मला विचारत होत्या, तू मुलगा आहेस का. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडणंच सोडून दिलं. घरी बोलायला कुणी नव्हतंच. आई-पप्पा दोघंही मुंबईला नोकरीला. आई मला शाळेत धाडून निघायची ती रात्री आठला उगवायची, पप्पा त्याहून उशिरा. साडेपाचला शाळा सुटली की गळ्यातल्या किल्लीने दार उघडायचं आणि टीव्ही मोठा लावून बसायचं. ते घर मला खायला उठायचं.

दिवाळीनंतर चित्रकलेच्या बाईंनी शाळेच्या भिंतींवर जगप्रसिद्ध चित्रं काढायचं ठरवलं. जिन्यात ती गालात हसणारी बाई आली. तिला कुणीतरी टिकली लावली, आणि ती पुसताना तिचं कपाळ लाल झालं ते झालंच. नळांजवळच्या भिंतीवर आमच्या वर्गाला ती निळी रात्र मिळाली: वर गरगरणारे तारे, खाली झोपलेलं छोटंसं गाव. तारे सगळ्यांनाच हवे होते. गावासाठी कुणी भांडलं नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं.

शाळा सुटल्यावर काम चालायचं. अंधार पडला की बाई बल्ब लावायच्या. विरारला आल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्याशी कुणी फारसं बोलायचं नाही, पण 'पांढरा दे', 'जरा सरक' एवढं तरी कानावर पडायचं. चित्र संपलं की पुन्हा ते घर. म्हणून मी रेंगाळायचे. एकेक छप्पर दोन-दोनदा रंगवायचे. ताऱ्यांवाल्या पोरी वैतागल्या, तुझ्यामुळे सगळं अडलंय म्हणाल्या. वैतागा, मला काय!

पण पालकसभा उद्यावर आली आणि बाईंनी आज संपवायचंच म्हणून सांगितलं. मी गावातल्या खिडक्या पिवळ्या करत गेले, एक सोडून.

"ती एक राहिली की," बाई म्हणाल्या.

"ती नको, बाई. त्या घरातले अजून आले नाहीत."

पोरी खिदळल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, नळाखाली धुतला आणि डब्यात ठेवून दिला. काम संपलं होतं.

सभेला आई अर्धी रजा टाकून आली. तिने सगळं चित्र नीट पाहिलं आणि नेमकं त्या काळ्या खिडकीवर बोट ठेवून विचारलं, ही विसरलीस का? मी फुरंगटलेलीच होते. म्हटलं, ते आपलं घर आहे. येताना रिक्षात फोन सारखा वाजत होता, तो आईने उचलला नाही.

माझी आई म्हणजे बाथरूमचा दिवा चुकून राहिला तरी, वीज काय फुकट येते का, म्हणून डोकं खाणारी. सोमवारी अंधारून येत असताना मी बिल्डिंगच्या वळणावरून वर पाहिलं, तर तिसऱ्या मजल्यावर आमच्या किचनमध्ये ट्यूब चालू! आई आज लवकर आली होती. मी धावत जिने चढले, बेल वाजवली. परत वाजवली. दाराला कान लावला. मग गळ्यातली किल्ली काढली.

ओट्यावर रोजच्यासारखी पोह्यांची झाकलेली ताटली होती. ट्यूब चालू होती आणि घरात कुणी नव्हतं. मी बूटही न काढता तिथेच फरशीवर बसले आणि भोकाड पसरलं. आईचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

ती आठला आली. आधी ट्यूबकडे पाहिलं, मग माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं होतं, मला आवडेल.

"लाईट लावून नको ना जाऊस," मी म्हटलं. "मला वाटतं, तू आलीस."

ती खांद्यावरची पर्स न काढता तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा लाईट बंद करून जाऊ लागली.