डावखुऱ्या धोबिणी

हेन्डरसन उपनगरातल्या ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, एका मोडक्या टोस्टरमागे ते चित्र दिसलं आणि मी त्यावर झडपच घातली. नदीचा काठ, वाकलेली झाडं आणि गुडघ्यांवर बसून कपडे धुणाऱ्या पाच बायका. चौकटीमागे कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती: 'फ्रेंच, एकोणिसावं शतक?' त्यातलं प्रश्नचिन्ह मी सोयीस्करपणे विसरले. हिल्सबरोला घरी पोचेपर्यंत गाडीत एकटीच बडबडत होते.

बाबा नेहमीसारखे सोफ्यावर बसले होते. पुण्याहून परदेशात माझ्याकडे येऊन दोन महिने झाले, तरी त्यांना करमत नव्हतं. "इथं माझं काय काम?" हे रोजचं पालुपद. परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घे, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं आणि सोमवारी मी त्यासाठी फोन करणार होते. मला ते जायला नको होते, पण थांबवायचं कशाच्या जोरावर?

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने चित्र पाहिलं. "मम्मा, दे आर ऑल लेफ्टीज."

खरंच की. पाचही जणींचं धोपटणं डाव्या हातात. माझं तोंडच उतरलं. "कुणीतरी उलटं छापलंय. नक्कल आहे ही."

बाबा ताडकन उठले. पस्तीस वर्षं त्यांनी छापखान्यासाठी चित्रांचे ब्लॉक, म्हणजे धातूचे ठसे, बनवले होते. "कळत नसेल तर बोलू नये," ते म्हणाले. "काच काढ."

निवृत्तीनंतरही खिशातून न गेलेलं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं. "ठिपके नाहीत, नुसत्या रेघा. हल्लीच्या नकलेत ठिपके दिसतात." मग लेकीचं बोट धरून त्यांनी चित्राच्या कडेने फिरवलं. तिथे कागद बारीकसा दबला होता. "तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलंय. पत्रा इथवर होता, त्याचा हा दाब. अस्सल आहे."

"पण लेफ्टीज का, आजोबा?"

ते आम्हाला बाथरूमच्या आरशापुढे घेऊन गेले. आरशात पाचही धोपटणी उजव्या हातांत आली. "हा माणूस काठावर बसून, दिसलं तसं पत्र्यावर कोरत होता. पत्र्यावर सुलट, म्हणून कागदावर उलट. कामाच्या पहिल्या दिवशी मीही असंच केलं होतं. शिव्या खाल्ल्या."

मला चित्राचा आनंद झालाच, पण आरशातला बाबांचा चेहरा बघून त्याहून जास्त झाला. किती दिवसांनी ते असे बोलत होते.

"आय वॉना मेक वन," लेक म्हणाली.

"बटाटा आण."

अर्धा बटाटा, भाजीची सुरी, तिचे शाळेचे रंग. तिने उजवीकडे बघणारा किवी पक्षी कोरला. कागदावर तो डावीकडे बघायला लागला. ती हिरमुसली. बाबांनी लगेच दुसरा बटाटा कापून तिच्या हातात दिला.

"हात बसायला निदान तीन महिने लागतात," ते मान वर न करता म्हणाले.

सोमवारचा तिकिटाचा फोन मी मनातल्या मनात रद्द करून टाकला. बटाटे संपले होते, ते आणायला धावले.