प्रश्न नाही, हुकूम नाही

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या मॅडमनी आम्हा नवराबायकोला बोलावून घेतलं. मुलगी सीनियर केजीत. तिने वर्गातल्या एका मुलाच्या दंडाला चावा घेतला होता, आणि हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. मॅडम भल्या आहेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "सुट्टीनंतर बघू. पण असंच चाललं तर बाकीच्या पालकांना मी काय सांगू?" आम्ही स्कूटरवरून कर्जतच्या घरी परतलो.

सुट्टीत आम्ही गावी गेलो. कशेळ्याच्या वर डोंगराच्या कुशीत आमची वाडी. तिथेही मुलीने चुलतभावाला ओरबाडलं, ताट भिरकावलं. माझा थोरला भाऊ बघत होता. म्हणाला, "जूनला आश्रमशाळेत घाल. पहिलीला घेतात. तू नाय का सुधरलास?"

त्यात टोमणा नव्हता. पहिलीपासून मी आश्रमशाळेत राहिलो. त्या शाळेने मला जेवू घातलं, अंगावर गणवेश चढवला, आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं. आज खालापूरच्या सरकारी कचेरीत मला टेबल-खुर्ची आहे ती तिच्यामुळे. तिच्याविषयी वावगा शब्द काढायला जीभ धजत नाही. म्हणून भावाला पटकन नकार देता आला नाही. "विचार करतो," म्हणालो.

बायको दारातच उभी होती. "काय विचार करणार तुम्ही?" तिने विचारलं.

कर्जतला परतल्यावर मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "औषध नाही लागणार. आईबाप आणि मूल, दोघांना एकत्र बसवून शिकवतात अशी एक थेरपी असते. पण आपल्याकडे कोण करतं ते शोधावं लागेल."

सुट्टीचे अजून दोन आठवडे हातात होते. लगेच शोध सुरू झाला. पनवेलला एक बाई सापडल्या. त्यांनी मुलीला आत घेतलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं, शिकवणीला सोडतात तसं. मुलगी हसत बाहेर आली आणि घरी येऊन तिने टीव्हीचा रिमोट फोडला. मग मुंबईच्या एक मॅडम व्हिडिओ कॉलवर शिकवायला तयार झाल्या. त्या हुशार होत्या, पण सगळं इंग्रजीत. मी बी.ए. झालोय, कचेरीत इंग्रजी पत्रं वाचतो. तरी मनात वाक्य जुळवेपर्यंत मुलगी टेबलावर चढलेली असायची. मी घाईने "व्हेरी गुड सिटिंग" म्हणालो, तर ती माझ्याकडे परका माणूस घरात शिरल्यासारखं बघत राहिली. बायकोला हसू आवरेना. मग त्याच हसण्याचं रडणं झालं.

शेवटी डॉक्टरांनीच ओळखीतून एक मराठी बोलणाऱ्या ताई मिळवून दिल्या. त्याही लांबच्या, फोनवरच भेटणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "शिकायचं तुम्हाला आहे, मुलीला नाही. बाबांपासून सुरुवात करू."

रीत अशी. फोन कपाटावर टेकवून ठेवायचा, कानात इयरफोन घालायचा. रोज पाच मिनिटं मुलगी म्हणेल ते खेळायचं. ताई त्यातून आम्हाला बघतात, पण स्वतः दिसत नाहीत, फक्त कानात बोलतात. त्या पाच मिनिटांत प्रश्न विचारायचा नाही, हुकूम सोडायचा नाही, चूक काढायची नाही. ती करते ते बोलून दाखवायचं, ती बोलेल ते पुन्हा म्हणायचं आणि चांगलं दिसलं की तोंडावर सांगायचं.

ऐकायला सोपं वाटलं. खेळायला बसलो आणि माझ्या तोंडून निघालं, "नीट मांडी घाल. काय करतेयस? हे लाल का हिरवं?"

"दोन प्रश्न आणि एक हुकूम," कानात ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड होता. पण प्रश्न आणि हुकूम काढून घेतल्यावर माझ्याजवळ मुलीशी बोलायला काहीच उरलं नव्हतं.

त्या दिवसांत माझी आई आमच्याकडे आली होती. दारात बसून शेंगा सोलता सोलता ती बघायची. "कानात काय घातलंस रं? बहिरा झालास का?"

"ताई शिकवतायत, आये."

"लेकीशी खेळाया मास्तरीण लावली? पगार जास्त झाला वाटतं!" ती हसली. पण थोड्या वेळाने शेंगांकडे बघतच म्हणाली, "तुजा बा तरी कवा खेळला? तू घरी व्हतासच कुठं."

ताईंनीही एकदा विचारलं होतं, वडील माझ्याशी काय खेळायचे. मला आठवलं ते शाळेचं फाटक. बाजाराच्या दिवशी बाप येऊन उभा राहायचा. "जेवलास का?" "हो." "मारत नाय ना?" "नाय." मग तो निघून जायचा. दोन प्रश्न. तेवढ्यासाठी तो डोंगर उतरून यायचा. मी ताईंना म्हटलं, "आमच्यात खेळायची पद्धत नव्हती."

शाळा उघडायला दोनच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. मुलीने बाटल्यांची बुचं ओळीने मांडली. कमरेवर हात ठेवून ती ओरडली, "लाइनीत! हात मागे! आवाज नको!"

आवाज तिचा होता, बोलणं माझं. आणि माझ्याही आधी ते आश्रमशाळेतल्या सरांचं होतं.

"ती म्हणेल ते म्हणा," कानात ताई.

"लाइनीत," मी म्हणालो. "हात मागे. आवाज नको."

ती खूश झाली. मग एक निळं बूच उचलून तिने बाजूला ठेवलं. "ह्याला घरी जायचंय."

मला ते म्हणायचं होतं. पण मी ओळीतली बुचंच सरळ करत बसलो.

"घाई नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"बोल ना, बाबा."

"ह्याला घरी जायचंय," मी म्हणालो.

"पण सर सोडत नाहीत."

"पण सर सोडत नाहीत."

तिने बूच माझ्या गुडघ्याशी सरकवलं. "तू धर ह्याला." मी ते मुठीत घेतलं.

वेळ संपली असं सांगून मी बुचं डब्यात भरली तेव्हा मुलीने तो डबा उचलून भिंतीवर फेकला. बुचं पलंगाखाली गेली, ती किंचाळत फरशीवर आडवी झाली. बायको धावत आली. म्हणजे काही फार बदललं नव्हतं. शाळा उघडल्यावर मॅडम काय म्हणतील, हेही कळत नव्हतं.

तरी संध्याकाळी मी भावाला फोन लावला. "जूनला नाही घालत तिला."

"का रं? तुजं तिथं काय वाईट झालं?"

"काही नाही. चांगलंच झालं," मी म्हणालो. ते खरंच होतं. "पण ती घरी राहील."