पागाखेड्याचे घोडे

लीलाताई लग्न होऊन पागाखेड्याला आल्या, तेव्हा सासूनं त्यांच्या हाती पहिल्यांदा दिली ती गेरूची वाटी. ग्वाल्हेरपासून बैलगाडीच्या वाटेवरचं हे गाव. दक्षिणेतून आलेल्या मराठा स्वारांना जुन्या काळी इथं जमिनी मिळाल्या होत्या. घराचा मूळ पुरुष ज्या रंगाच्या घोड्यावरून आला, तो घोडा दसऱ्याला दाराशेजारच्या भिंतीवर रंगवून काढायचा, अशी गावची रीत. सासू गेल्यावर नीट घोडा काढणाऱ्या लीलाताईच उरल्या. मग घरोघरचं बोलावणं. भिंतीशी पाय मुडपून बसायचं, कण्हत उठायचं, की पुढचं दार.

संस्थान विलीन झालं आणि त्याची घोड्यांची पागा मोडली. तिथं चाकरीला असलेले लीलाताईंचे यजमान कान्होजी घोडे दुसऱ्यांच्या हाती सोपवून घरी आले ते ओसरीवर बसूनच राहिले. तरणी माणसं शहरात गिरणीत लागली. दारावरचे घोडे मात्र सगळ्यांनाच हवे असत.

"तेवढंच उरलंय आपलं," कान्होजी म्हणत. लीलाताईंचं मनगट सुजतं, हे त्यांच्या ध्यानात येत नसे.

छपन्न साली मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला. त्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या मेळ्यात नव्या राज्यातल्या खेड्यांचं प्रदर्शन ठरलं. शहरात इंदरगंजातल्या सरकारी कचेरीतून मधुसूदन नावाचे अधिकारी एक मोठा लाकडी फळा घेऊन आले.

"ताई, यावर तुमचं सगळं गाव काढा."

"सगळं? साहेब, हात चालत नाही हो आता."

"तुमच्याखेरीज कोण काढणार?"

हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. त्या बसल्या. आठवडाभरात फळाभर घोडे उभे राहिले. अबलख, तांबडे, काळे. मधोमध त्यांच्या घरचा पांढरा.

गाव पाहायला लोटलं. खालच्या वस्तीतला दौलतसिंह गुर्जर बराच वेळ उभा होता.

"ताई, इसमें हम कहाँ हैं?" त्यानं विचारलं. "घोडे आले त्याच्या आधीपासून आमच्या गाई चरतात इथं. मेरे दादा के दादा यहीं के थे."

त्याच्या दाराशी लीलाताई कधी गेल्या नव्हत्या. कुणी बोलावलंच नव्हतं. फळ्यावर बोटभर जागा शिल्लक नव्हती. दुसऱ्या कुणाचा घोडा पुसला असता तर भांडणं झाली असती. गाईंना जागा करायला त्यांनी ओल्या फडक्यानं आपलाच पांढरा घोडा पुसायला घेतला.

कान्होजी ओसरीवरून ओरडले, "पूर्वजांना पुसून गुरं काढतेस?"

"अहो, ते पूर्वज इथं आले तेव्हा दूध कुणाच्या गाईचं प्याले?" त्या मागं न वळता म्हणाल्या. "आणि ओरडू नका. मला ताकद नाही."

कान्होजींनी बोलणं टाकलं. त्या घोड्याच्या जागी गाई झाल्या, काठी घेतलेला गुराखी झाला. सवय नसल्यानं गाईंचे पाय घोड्यांसारखेच लांब आले. दुरुस्त करायचा उत्साह लीलाताईंना राहिला नव्हता.

मेळ्यात फळा मंडपाच्या दाराजवळ टांगला होता. लोक येता-जाता एक नजर टाकत आणि पाळण्यांकडे वळत. "महाराष्ट्र का है क्या?" कुणीतरी विचारलं. "नाही, पागाखेड्याचं," लीलाताई म्हणाल्या, आणि खुर्ची मागून घेऊन बसल्या.

दुपारी कान्होजी आले. कुणाला सांगून आले नव्हते. फळ्यासमोर काठी टेकून ते गाईंकडे बघत राहिले. दौलतसिंह बायकोला घेऊन आला होता. ती लांब पायांच्या गाईंना हसत होती, पण तिथून हलत नव्हती. त्यानं दोन चहा आणले आणि एक कान्होजींपुढं धरला.

"पी लो, राव साहब. ठंड है."

कान्होजींनी पेला घेतला.

मधुसूदन घाईघाईनं आले. "लीलाताई, वरच्या साहेबांना आवडलं. भोपाळसाठी आणखी एक करायचंय."

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण..."

"तिला नका सांगू आता," कान्होजी म्हणाले. "पुष्कळ झालं तिचं."

लीलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठण्यासाठी हात पुढं केला, आणि कान्होजींनी तो धरला.