आठवीचा गप्प वर्ग

पायल उभी राहिली, "मले" म्हणाली, थबकली आणि खाली बसली.

प्रश्न साधा होता. तुझा आवडता विषय कोणता? विचारणारी होती इरा. आमच्या शाळेत आठवीला प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरवायला ती आईवडिलांसोबत आली होती. एरवी पायलची बडबड थांबवायला मला वर्गावर जावं लागे. त्या दिवशी सगळा वर्गच तोंडाला कुलूप लावून बसला होता.

मी तेव्हा जळगाव जामोद तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद हायस्कूलची मुख्याध्यापिका होते. निवृत्ती जवळ आली होती. इराचे वडील नितीन हे गुरांचे डॉक्टर, बदली होऊन गावी परतलेले. मी याच शाळेत नवी मॅडम होते तेव्हा नितीन माझ्या वर्गात होता. बाप शेतमजूर. त्याच्या बाकावर कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, मागे तलाठ्याची मुलगी. कंपासपेटी व्यापाऱ्याच्या मुलाची, गणितं नितीनची. दोघांचं छान चाले.

पुढे गावात इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस यायला लागल्या. आधी व्यापाऱ्यांची मुलं गेली, मग नोकरदारांची. आमच्या भाषेत 'पट' म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. पट किती, हे वरून दरवर्षी विचारतात. पटावर कोणाची मुलं उरली, हे कोणी विचारत नाही. ज्यांना कुठे जाता येत नाही, त्यांचीच उरली होती. ज्याच्या एका फोनवर पंचायत हलते असा पालक गेला, की शाळेच्या नळाची तोटीसुद्धा बदलली जात नाही. मला तो जुना, सगळ्या घरांतल्या मुलांचा वर्ग एकदा तरी पुन्हा बघायचा होता. फार बघायचा होता. इरा आली तर तिच्यामागे आणखी येतील, असे मनातले मांडे मी खात होते.

आणि वर्ग गप्प.

नितीनला राहवलं नाही. "काऊन वं पोरी, चूप काऊन बसली? मी बी याच वर्गात शिकलो."

पायलने आधी वर्गशिक्षक किशोर सरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरनं सांगतलं, पाहुण्यायसमोर मले-तुले करू नोका, शुद्ध बोला. मंग मले काही बोलताच नाही येऊन राह्यलं."

वर्ग खदखदून हसला. मग कोणी आवरेना. पायलला गणित आवडतं, इंग्रजीनं तिचं डोकं दुखतं, मामाच्या बकऱ्या तिच्याच हाकेला येतात, सगळं बाहेर पडलं. इरा तिच्याशेजारी जाऊन बसली. सुट्टी झाली तरी उठेना. शेवटी आईने हात धरला तेव्हा म्हणाली, "आई, मले इथंच यायचं."

मला वाटलं, जिंकलो. पण इराची आई श्रद्धा हसली नव्हती. ती मूळची पुण्याची.

ऑफिसात चहा आला. इरा बाहेर पायलबरोबर होती.

"भाषेचं म्हणत असाल तर," मी सुरुवात केली.

"मॅडम, ती मले म्हणाली तर मला काहीच वाटणार नाही. तिचे बाबा घरी तसंच बोलतात. पण लाज शाळेलाच वाटते. मग पाहुणे गेल्यावर त्या मुलीला आणि माझ्या मुलीला तुम्ही सारखं वागवाल, हे मी कसं धरून चालू?"

"किशोर सर वाईट नाहीत हो. लोक हसतील म्हणून घाबरले."

"कळलं मला ते. इथल्या शिक्षकांची मुलं कुठे शिकतात?"

"पिवळ्या बसने जातात," मी म्हणाले.

नितीन मध्ये पडला. "श्रद्धा, मी त्याच बाकावरून डॉक्टर झालो."

"तुझ्या बाकावर दोन्ही तऱ्हेच्या घरांतली मुलं होती, नितीन. आता एकाच तऱ्हेच्या घरांतली आहेत. तू इराला तिथे एकटी बसवायला निघालास."

निघताना नितीन दारात घुटमळला. "मॅडम, मले लय वाटत होतं."

"मलेबी," मी म्हणाले. शाळेत मी असं कधी बोलत नसे.

इरा खामगावच्या एका शाळेत गेली. शाळा सुरू झाल्यावर पायल शेजारची जागा धरून बसायची आणि मी दिसले की विचारायची, "ते पोरगी कवा येऊन राह्यली?" मी काही दिवस टाळलं. मग एकदा सांगितलं, ती नाही येणार.

पायलने विचारलं, "आमच्या बोलण्याच्यानं का?"

"नाही गं. आम्ही तुम्हाला गप्प बसवलं म्हणून."

"मंग आता बोलू ना?"

"बोल," मी म्हणाले.

हल्ली नवे मुख्याध्यापक सल्ला मागायला येतात. मी एकच सांगते. पाहुणे येणार असले की वर्ग झाडून घ्या. तेवढं पुरे.