शेवटच्या धारेचा मान

केदारखेड्यातल्या चाचांच्या गोठ्यात मी पहिल्यांदा औषधांची बॅग न उघडता उभी राहिले, ते त्यांना बिलकुल आवडलं नाही.

"बेटा, सुई न्हाई, गोळी न्हाई, मंग आल्तीस कशाला?"

"धार काढताना बघायला."

"धार काढण्यात काय बघायचंय?"

आतून चाची म्हणाल्या, "बघू द्या तिला. एरवी तुमच्याकडं कोण बघतंय?"

चाचा हसले आणि बादली घेऊन उठले. मी खांबाला टेकून उभी राहिले. हातांना काम नव्हतं, त्यामुळे अवघडल्यासारखं होत होतं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात लागल्यापासून मी या गोठ्यात कितीदा तरी येऊन गेले होते. आज या म्हशीची कास सुजली, सुई दिली, बरी झाली. काही दिवसांनी शेजारच्या म्हशीची तीच तक्रार. पुस्तकात त्याला कासदाह म्हणतात, गावात दगडी. माझ्या सुईनं जनावर बरं व्हायचं, चाची चहा करायच्या, आणि मी समाधानानं मोटारसायकलला किक मारायचे. एकाच गोठ्यात पुन्हा पुन्हा का यावं लागतं, हा प्रश्न मला पदव्युत्तर अभ्यासक्रमात आल्यावर पडला.

नोकरी सांभाळून करायचा अभ्यासक्रम होता, दुधाळ कळपाच्या आरोग्याचा. सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर तास व्हायचे आणि अधूनमधून प्रात्यक्षिकाला जावं लागायचं. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "एका जनावराचे डॉक्टर तुम्ही आहातच. आता गोठ्यात गेलात की आजारी जनावर शेवटी बघा. आधी उरलेली सगळी बघा."

मी आष्टीची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. आईवडील दुसऱ्यांच्या कापसात राबले आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मग वसतिगृहातून शिकत गेले. पदवी मिळाली तेव्हा शिक्षण संपलं असं वडिलांनी धरलं होतं. नवीन अभ्यासक्रमाचं सांगितलं तर म्हणाले, "अजून राह्यलंच का शिकायचं?"

"राह्यलंय थोडं, बाबा."

"मंग शिक. शिकायला आपल्या घरात कुणी न्हाई म्हणलंय?"

तासाच्या वेळी भिंतीला टेकवलेला मोबाइल घसरतो, हे त्यांनी एकदा पाहिलं. पुढच्या वेळी मी गावी गेले तर त्यांनी बाभळीचा एक तुकडा तासून, त्याला खाच पाडून ठेवला होता. तो आजही माझ्या टेबलावर आहे.

अभ्यासक्रमात प्रत्येकानं एक गोठा निवडून तो सुधारून दाखवायचा होता. मी चाचांचा निवडला, कारण तिथं गरज होती. त्यांचं दूध उन्हाळ्यात दोनदा तापवताना फाटलं होतं आणि डेअरीवाल्यानं बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर दूध घेणं बंद. दूध बंद म्हणजे म्हशी बाजारात. थोड्याशा कापसावर घर चालत नव्हतं, आणि म्हशींशिवाय चाचांना दुसरं काही करायचंही नव्हतं.

तर त्या दिवशी मी बघत राहिले. चाचा पहिल्यांदा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या म्हशीकडे गेले. तिच्या कपाळावर हात ठेवला, बिस्मिल्ला म्हणाले आणि खाली बसले. हा गोठा तिच्यापासून सुरू झाला होता. निम्म्या म्हशी तिच्याच लेकी-नाती. म्हणून सकाळ-संध्याकाळ पहिली धार तिची, हा तिचा मान. तिची धार झाली की तोच ओला हात, कास पुसायचं तेच फडकं घेऊन चाचा पुढच्या म्हशीकडे सरकायचे.

मी तपासणीची ताटली काढली. तिला चार कप्पे असतात. चार सडांचं दूध चार कप्प्यांत घ्यायचं, त्यात औषध टाकून ताटली फिरवायची. चांगलं दूध पातळच राहतं, कासेत रोग असेल तर ते दाटतं. बऱ्याच म्हशींच्या एखाद्या कप्प्यातलं दूध दाटलं. म्हातारीचे चारही कप्पे दाटले, कढीसारखे. तिची कास कधी सुजली नव्हती, ती कधी कण्हली नव्हती, म्हणून मी तिला आजवर हातही लावला नव्हता.

"हिच्यापासून सगळ्यांना जातंय, चाचा. एक तर हिला विका, न्हाईतर हिची धार सगळ्यांच्या शेवटी काढा आणि दूध वेगळं ठेवा."

चाचांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विकायचं नाव काढू नको."

"मंग शेवटी धार."

"जिच्यापायी घर चाललं तिला सगळ्यांच्या मागं उभी करू? ते बी तिच्या नातींच्या मागं?"

मी रोग कसा पसरतो ते समजावलं, चित्र काढून दाखवलं. ते शांतपणे ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली बादली म्हातारीखाली लावत. प्रात्यक्षिकाला गेल्यावर मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "रोग तुम्हाला समजला. आता घर समजून घ्या." मला वाटलं, हे सांगणं सोपं आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत मी गेले तेव्हा चाचांच्या अंगणात वेचणाऱ्या बायका जेवायला बसल्या होत्या. मलाही बसवलं. चाची भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढत होत्या, चाचा पाणी देत होते.

"चाची, तुम्हीही बसा ना."

"आमचं काय, आम्ही घरचे. मागून बसू."

आमच्याकडेही आई असंच म्हणते. मी घास घेतला. चाची मात्र हातातली टोपली धरून तशाच थांबल्या आणि चाचांकडे वळल्या.

"सुन राह्यले का? मेहमान पहिले, घरचे मागून. म्हातारी मेहमान है क्या?"

चाचा तांब्या घेऊन उभेच राहिले. एक बाई म्हणाली, "चाचा, पाणी द्या आधी, म्हशीचा इचार मंग करा." सगळ्या हसल्या. चाचांनी तिला पाणी ओतलं.

"मेहमान न्हाई ती," ते म्हणाले.

"मंग बसू द्या मागून."

संध्याकाळी बादली घेऊन चाचा म्हातारीपुढून सरळ पुढे गेले. जाताना तिच्या कपाळावर हात ठेवला, तेवढाच. तिनं मान वळवून पाहिलं आणि ओरडली. तेव्हा चाचा जरा कसनुसे झाले. "आलो, आलो. घरचीच हायस तू," असं तिला सांगत राहिले.

त्यानंतरचं काम सोपं होतं असं नाही, पण ते करता येण्यासारखं होतं. चाचींनी जुन्या ओढण्या फाडून प्रत्येक म्हशीचं वेगळं फडकं केलं आणि ती रोज उकळू लागल्या. धार झाली की सड औषधात बुडवायचे. म्हातारीचं दूध वेगळं काढून टाकायचं, आणि ती आटली की सडांत औषध भरायचं. तिला चाचा आता सगळ्यांत जास्त वेळ देतात, कारण तिच्यानंतर कुणी वाट पाहत नसतं. हिवाळा सरेपर्यंत बाकीच्या म्हशींचं दूध ताटलीत पातळ राहू लागलं. उन्हाळ्यात दूध फाटलं नाही. मला सुई घेऊन बोलावणं येईनासं झालं, तर चाचा फोन करून म्हणाले, "बीमार कुणी न्हाई. तरी चहाला ये."

सर गोठा पाहायला आले तेव्हा धार चालू होती. कोपऱ्यात निवांत रवंथ करणाऱ्या म्हशीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही राहिली का?"

"ती घरची हाय," चाचा म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नंतर सांगते अशी.

धार संपल्यावर चाचींनी सरांना जेवायला बसवलं. मीही शेजारी बसायला गेले, सकाळपासून पोटात काही नव्हतं. चाचींनी भाकरीची टोपली माझ्या हातात दिली.

"तू वाढ. तू माझ्यासंगं मागून."